संगमरवराचे अवगुंठन

हैदराबादच्या पूर्वेकडून विजयवाड्यास जाणारा रस्ता धरला की वाटेत दिलसुखनगर लागते. आज ही वस्ती दुकाने, शिकवणीवर्ग आणि माणसांच्या अखंड वर्दळीने गजबजलेली आहे. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र येथे शेतजमीन होती. दिलसुख राम परशाद ह्या जमीनदारांनी आपल्या जमिनीचे भूखंड पाडले आणि त्यांच्याच नावाने हे उपनगर ओळखले जाऊ लागले. त्याच्या शेजारी मुसारामबाग नावाचा भाग आहे. हा मुसाराम कोण, असे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. तो कोणी रामभक्त नव्हे आणि तेलुगू जमीनदारही नव्हे. तो निजामाच्या पदरी असलेला फ्रेंच सेनानी मिशेल रेमाँ होय. १७९५ साली खर्ड्याच्या रणांगणावर मराठ्यांच्या फौजांसमोर निजामाकडून जी कवायती पलटणे उभी राहिली, ती ह्याच रेमाँने तयार केली होती. १७९८ मध्ये तो मरण पावला. जवळच्या टेकडीवर त्याची कबर व स्मारकस्तंभ आहे. हिंदूंनी त्याचा मुसाराम केला, मुसलमानांनी मुसारहीम केला, आणि दोघेही त्याच्या कबरीवर दिवा लावू लागले.

परक्याला आपल्या उच्चारात बसवून घेण्याची ही ह्या शहराची जुनी खोड आहे. दिलसुखनगरहून मलकपेठ ओलांडून पश्चिमेकडे मुसी नदीपाशी आले, की दक्षिण तीरावर सालारजंग संग्रहालय लागते. तेथेही अशीच एक परकी व्यक्ती हैदराबादकर होऊन बसली आहे. ही व्यक्ती म्हणजे पांढऱ्या संगमरवरातून घडवलेली एक तरुण स्त्री आहे. तिच्या मस्तकावरून झिरझिरीत वस्त्र खाली आले आहे, आणि त्या वस्त्राच्या आतून तिचे डोळे, नाक, ओठ स्पष्ट दिसतात. वस्त्र दगडाचे आहे आणि चेहराही दगडाचाच आहे, हे ठाऊक असूनही पाहणाऱ्याचा हात नकळत पुढे होतो. हैदराबादेत पाहुणा आला की त्याला चारमिनार दाखवावा आणि मग ‘रेबेका’ दाखवावी, असा तेथील घराघरांतला रिवाज आहे. सुलतान बाजाराच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबेही त्यास अपवाद नाहीत.

परंतु तिच्या शिल्पकाराचे नाव विचारले असता बहुतेकजण गप्प होतात. त्याचे नाव जोव्हान्नी मारिया बेंझोनी. मूर्ती विख्यात व्हावी आणि मूर्तिकार विस्मृत व्हावा, हे आपल्याकडे नवल नाही. वेरूळचे कैलास लेणे कोणी खोदले, ह्याचे उत्तर देताना आपण राजाचे नाव सांगतो, पाथरवटाचे नव्हे. मात्र बेंझोनी हा एकोणिसाव्या शतकातील माणूस होता. त्याच्या हयातीत त्याचे नाव युरोपभर पोहोचले होते आणि रोममध्ये त्याला नवा कानोव्हा म्हणणारे लोक होते. तो विसरला गेला त्याची कारणे त्याच्या यशातच शोधावी लागतात.

उत्तर इटलीत बेर्गामो प्रांताच्या डोंगराळ भागात सोंगावाझ्झो नावाचे एक खेडे आहे. तेथे २८ ऑगस्ट १८०९ रोजी एका गरीब शेतकरी कुटुंबात बेंझोनीचा जन्म झाला. वडील लवकर वारले. मुलगा इझेओ सरोवराच्या काठी रीव्हा दी सोल्तो येथे आपल्या काकाच्या सुतारशाळेत कामास लागला. रंधा, पटाशी आणि वाकस ही त्याची पहिली अवजारे होत. लाकडाचा धर्म दगडाहून निराळा असतो. लाकडाला रेषा असतात, त्या रेषांच्या कलाने हत्यार चालवावे लागते. पुढे ज्याने दगडातून कापड विणले, त्याच्या हातांना हा नाजूकपणा सुतारकामातून लाभला असावा असा तर्क केल्यास तो वावगा ठरू नये.

त्याच सरोवराच्या काठी लोव्हेरे नावाचे गाव आहे. तेथे काउंट लुईजी तादीनी हे कलासक्त सरदार राहत असत. त्यांचा तरुण मुलगा फाउस्तीनो हा १७९९ साली एका कमानीच्या पडझडीत सापडून मरण पावला. ह्या मुलाने आपल्या अल्प आयुष्यात कानोव्हाच्या शिल्पांवर एक पुस्तक लिहिले होते. कानोव्हा हा त्या काळचा युरोपातील सर्वांत मोठा शिल्पकार. त्याने त्या पुत्राच्या स्मरणार्थ संगमरवरी स्मृतिशिला घडवून दिली. पुत्रशोक उराशी बाळगून पित्याने लोव्हेरे येथे संग्रहालय आणि कलाशाळा स्थापन केली. मुलाच्या जागी गावातील मुले शिकावीत, एवढाच त्यामागील हेतू असणार.

सुताराच्या पुतण्याचे कसब काउंटच्या कानी गेले. त्यांनी त्याला कानोव्हाच्या त्या स्मृतिशिलेची प्रतिकृती करावयास सांगितले. परीक्षा म्हटली तर मोठी कठीण होती. कारण परीक्षकाच्या दृष्टीने ती शिला केवळ कलाकृती नव्हती, ती मुलाची आठवण होती. मुलगा परीक्षेत उतरला. काउंटने त्याला आपल्या शाळेत घातले आणि १८२८ च्या सुमारास पुढील शिक्षणासाठी रोमला नेले. दुसऱ्याच वर्षी काउंट तादीनी निवर्तले. ज्या आश्रयदात्याने वाट दाखवली तो वाट संपण्यापूर्वीच गेला. परंतु तोवर मुलगा रोमच्या शिल्पशाळेत रुजला होता.

रोममध्ये त्याला जुझेप्पे दे फाब्रीस हा गुरू मिळाला. ह्या गुरूची हकिकतही थोडी सांगण्यासारखी आहे. दे फाब्रीस हा व्हिचेन्झाजवळील नोव्हे ह्या गावचा. नोव्हे म्हणजे मातकामाचे माहेरघर. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून तेथे चिनीमातीची आणि झिलईची भांडी भाजणाऱ्या भट्ट्या धडधडत होत्या. ह्या कुंभारांच्या गावातून आलेला माणूस पुढे पोपच्या दरबारी मोठ्या मानास चढला. रोममध्ये सेंट पीटरच्या भव्य मंदिरासमोर हाती किल्ली घेतलेला संत पीटरचा जो प्रचंड पुतळा आहे, तो त्याचाच. पुढे नोव्हे येथे मातकामाची कलाशाळा निघाली तेव्हा तिला दे फाब्रीसचेच नाव देण्यात आले. संगमरवरात कीर्ती मिळवलेल्या माणसाची स्मृती मातीने जपली, ही गोष्ट योग्यच झाली. कारण संगमरवरी शिल्पाची सुरुवात मातीतच होते.

ती कशी, हे समजून घेतल्यावाचून बेंझोनीचे यश आणि त्याचे विस्मरण, दोन्ही नीट उलगडत नाहीत. शिल्पकार संगमरवराच्या शिळेपुढे उभा राहतो आणि छिन्नीचे घाव घालून आतील मूर्ती मोकळी करतो, अशी एक काव्यमय समजूत आहे. एकोणिसाव्या शतकातील रोममध्ये प्रत्यक्षात तसे क्वचितच घडे. शिल्पकार प्रथम ओल्या मातीत मूर्ती घडवी. चेहऱ्याचा भाव, मानेचा कल, वस्त्राच्या चुण्या ह्या सर्वांचा निर्णय मातीतच होई. माती सुकली की तडकते. म्हणून ती ओलसर असतानाच तिच्यावरून प्लास्टरचा साचा काढीत आणि त्या साच्यातून प्लास्टरची पांढरी प्रत ओतीत. मग ह्या प्रतीवर ठिकठिकाणी खुणेचे बिंदू देत. प्रत्येक बिंदूची खोली मोजपट्टीने व परकाराने मोजून शेजारच्या संगमरवरी शिळेत तेवढ्याच खोलीची छिद्रे पाडीत. त्या छिद्रांच्या तळापर्यंत दगड उतरवला की मूर्तीचा ओबडधोबड आकार आपोआप उभा राही. हे काम पगारी पाथरवट करीत. कोणी केसांत तरबेज असे, कोणी वस्त्रांत, कोणी फुलापानांत. शेवटचा हात उस्तादाने फिरवावयाचा, असा दंडक होता.

ह्या पद्धतीचा अर्थ असा, की प्लास्टरची प्रत शाबूत आहे तोवर एकाच शिल्पाच्या हव्या तेवढ्या संगमरवरी आवृत्ती काढता येत. आणि त्यांना गिऱ्हाईक होते. इंग्रज उमराव, रशियन सरदार, अमेरिकेतील नवे धनिक हे सारे रोमला येत, शिल्पशाळांतून हिंडत, प्लास्टरच्या प्रती पाहत आणि आवडलेल्या शिल्पाची मागणी नोंदवून जात. बेंझोनीने हा व्यवसाय फार चांगला ओळखला. त्याच्या शिल्पशाळेत पन्नासाहून अधिक माणसे राबत होती. सुताराच्या पोऱ्याने एवढा पसारा उभारावा, ही काही लहान गोष्ट नव्हे.

त्याच्या शिल्पांतील काही आज कोठे आहेत ते पाहिले म्हणजे त्या व्यापाराचा पल्ला ध्यानी येतो. ‘क्युपिड आणि सायकी’ हे पुराणकथेतील युगुल त्याने १८४५ साली घडवले. कुत्र्याच्या पायातील काटा काढणाऱ्या मुलीचे त्याचे शिल्प युरोपातील अनेक दिवाणखान्यांत जाऊन बसले. पाँपेई नगरावर ज्वालामुखी कोसळत असता जीव घेऊन पळणाऱ्या कुटुंबाचे त्याचे शिल्प थेट ऑस्ट्रेलियात बॅलरॅट ह्या सोन्याच्या खाणींनी श्रीमंत झालेल्या गावाच्या वनस्पतिउद्यानात विराजमान झाले. खुद्द रोममध्ये सांत आनास्तासिया ह्या चर्चमध्ये कार्डिनल आंजेलो माई ह्यांच्या समाधीवरील शिल्प त्याचे आहे. माई हे बेंझोनीच्याच बेर्गामो प्रांतातले. जुन्या चर्मपत्रांवरील पुसून टाकलेली अक्षरे वाचून त्यांनी सिसेरोचा हरवलेला ग्रंथ उजेडात आणला. पडद्याआडचे दाखवणाऱ्या शिल्पकाराने पुसलेले वाचणाऱ्या पंडिताची समाधी घडवावी, हा योगायोग गमतीचा आहे.

आता रेबेकेकडे वळावे. मराठी बायबलात तिचे नाव रिबका असे आहे. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात तिची कथा येते. वृद्ध अब्राहामाने आपल्या मुलासाठी, इसहाकासाठी, वधू शोधण्याकरिता सेवकाला दूरदेशी पाठवले. दहा उंट घेऊन तो सेवक एका गावाबाहेर विहिरीपाशी थांबला. संध्याकाळची वेळ होती, बायका पाण्याला येत होत्या. जी मुलगी मला पाणी देईल आणि न सांगता माझ्या उंटांनाही पाजील तीच वधू, अशी खूण त्याने मनाशी बांधली. रिबका घागर घेऊन आली आणि तिने तसेच केले. पुढे ती सेवकासह निघाली. शेतातून समोर येणारा पुरुष हाच आपला नियोजित पती आहे असे कळताच ती उंटावरून उतरली आणि तिने आपले तोंड वस्त्राने झाकून घेतले. बेंझोनीने निवडला तो हा क्षण. ह्यात शोक नाही, भक्तीचा उमाळा नाही, पराक्रम नाही. अनोळखी घरात पाऊल टाकण्यापूर्वीचा एका मुलीचा संकोच, एवढेच त्यात आहे. पाणवठा, घागर, लग्नाची बोलणी आणि डोक्यावरून पुढे ओढलेला पदर ह्या खुणा दख्खनमधील कोणत्याही बाईस समजावून सांगाव्या लागत नाहीत. हैदराबादने ही मूर्ती आपली मानली त्याचे एक कारण हे असावे.

दगडातून झिरझिरीत वस्त्र दाखवण्याची कल्पना मात्र बेंझोनीची नव्हे. व्हेनिसकडील आंतोनिओ कोर्रादीनी ह्याने अठराव्या शतकात अवगुंठित स्त्रियांचे पुतळे घडवून ह्या कौशल्याची कीर्ती केली होती. १७५३ साली जुझेप्पे सान्मार्तीनो ह्याने नेपल्स येथील एका खाजगी प्रार्थनागृहासाठी कफनाने झाकलेला ख्रिस्त घडवला. तो पाहून लोक इतके थक्क झाले, की त्या प्रार्थनागृहाचा मालक किमयागार असून त्याने खऱ्याखुऱ्या कापडाचाच रसायनाने संगमरवर केला, अशी वदंता पसरली. माणसाच्या हातून असे काम होईल ह्यापेक्षा चेटूक झाले असेल, हे लोकांना अधिक सहज पटते. एकोणिसाव्या शतकात मिलानच्या राफाएल्ले मोंती ह्याने ह्या कलेला पुन्हा बहर आणला. १८४७ साली त्याने एका इंग्रज ड्यूकसाठी अवगुंठित कुमारिका घडवली. स्त्रात्सा नावाच्या दुसऱ्या इटालियन शिल्पकाराची अवगुंठित कुमारी मेरी १८५६ मध्ये अटलांटिकपार न्यूफाउंडलंड बेटावर पोहोचली.

ह्यात कोणतीही किमया नाही. आहे ती दृष्टीची फसवणूक, आणि ती अत्यंत परिश्रमाने केलेली. संगमरवर अपारदर्शक आहे, त्याच्या आतील चेहरा दिसणे शक्यच नाही. शिल्पकार चेहरा वरच घडवतो, पण त्याचे नाकडोळे थोडे मऊ, थोडे बोथट ठेवतो. मग त्या चेहऱ्यावरून कपाळापासून हनुवटीपर्यंत अगदी बारीक उंचवट्यांच्या रेषा तो अखंड ओढत नेतो. ह्या रेषा म्हणजे वस्त्राच्या चुण्या. रेषा गालावरून जाते, ओठावरून जाते, हवेत लोंबते आणि छातीवर येऊन पडते. ती कोठेही तुटत नाही म्हणून पाहणारा तिला वस्त्र मानतो, आणि एकदा वस्त्र मानले की त्याखालचा चेहरा तो आपल्याच मनाने पूर्ण करतो. उत्तम संगमरवरात प्रकाश किंचित आत शिरतो व मग परततो. पातळ कडांवर त्यामुळे ओलसर उजेड खेळतो. काही भाग घासून गुळगुळीत करावयाचे आणि काही खरबरीत सोडावयाचे, ह्या तारतम्यावर उरलेले सारे अवलंबून असते. घाव जरासा चुकला तर वस्त्राला भोक पडत नाही, चेहऱ्यालाच जखम होते. भारतीय शिल्पकारांना ही युक्ती अगदीच अपरिचित नव्हती. सारनाथच्या गुप्तकालीन बुद्धमूर्तींत अंगाला चिकटलेले वस्त्र केवळ गळ्याशी व पायांशी दिसणाऱ्या काठांवरून कळते. तेथे रेषा गाळून वस्त्र सुचवले आहे, येथे रेषा वाढवून. दोन्हींत श्रेष्ठ कोणते, हा वाद रंगण्याजोगा आहे. संयमाच्या बाजूने कौल देणाऱ्यास दोष देता येणार नाही.

मोंतीने एक पाऊल पुढे टाकले. लंडनला स्थायिक झाल्यावर त्याने आपल्या अवगुंठित स्त्रिया चिनीमातीत उतरवण्यासाठी इंग्रज कारखानदारांना नमुने दिले. पॅरोस बेटावरील संगमरवराची आठवण देणारी, झिलई न दिलेली ‘पॅरियन’ नावाची एक पांढरी चिनीमाती तेथे १८४० नंतर निघाली होती. साच्यात ओतून भट्टीत भाजलेले हे पुतळे मध्यमवर्गीय घरांतील फडताळांवर जाऊन बसले. जे संगमरवरात राजाला मिळे ते मातीत कारकुनाला मिळू लागले. आपल्याकडेही त्याच शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी ह्यांनी मातकामाची शाखा वाढवली, आणि अजिंठ्याच्या भिंतींवरील नक्षी फुलदाण्यांवर चढली. सालारजंग संग्रहालयात युरोपीय चिनीमातीची मोठी दालने आहेत. सेव्ह्र, ड्रेस्डेन, वेजवूड ही नावे तेथे वाचावयास मिळतात. रेबेका पाहून पुढे जाणारा प्रेक्षक ह्या दालनांतून सहसा घाईने जातो. वास्तविक मातीच्या आणि दगडाच्या ह्या दोन घराण्यांचे नाते तेथे एकाच छपराखाली पाहता येते.

रेबेका हैदराबादेस आली ती एका राजकीय प्रवासातून, आणि त्या प्रवासाचा संबंध महाराष्ट्राशी, विशेषतः वऱ्हाडाशी आहे. मे १८५३ मध्ये कंटिंजंट फौजेच्या खर्चाची थकबाकी पुढे करून डलहौसीच्या सरकारने निजामाकडून वऱ्हाड, धाराशिवकडील मुलूख आणि रायचूर दुआब लिहून घेतला. त्यानंतर काही दिवसांतच दिवाण सिराज-उल-मुल्क मरण पावले, आणि त्यांचा चोविशीतला पुतण्या मीर तुराब अली खान दिवाण झाला. हेच पहिले सालारजंग. १८५७ मध्ये त्यांनी हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राखले. बक्षीस म्हणून १८६० मध्ये धाराशिव व रायचूर परत मिळाले. कापसाने भरलेले वऱ्हाड मात्र मिळाले नाही. वऱ्हाड परत आणणे हा सालारजंगांच्या जन्माचा ध्यास बनला. अर्जामागून अर्ज गेले आणि नकारामागून नकार आले.

१८७६ साली ते युरोपला निघाले तेव्हा वऱ्हाडचा प्रश्न त्यांच्या मनात होता. वाटेत इटली लागली. रोममध्ये त्यांनी रेबेका पाहिली व खरेदी केली, असे संग्रहालयाची परंपरा सांगते. पुढे पॅरिसमध्ये हॉटेलात पाय घसरून ते पडले आणि त्यांचे हाड मोडले. तशाच स्थितीत ते लंडनला पोहोचले. तेथे त्यांचा सत्कार झाला, लंडन शहराने त्यांना नागरिकत्वाचा मान दिला, ऑक्सफर्ड विद्यापीठाने सन्माननीय पदवी दिली. मानमरातबात काही उणे नव्हते. पण वऱ्हाडचे नाव निघाले की उत्तर एकच: हा विषय हिंदुस्थान सरकारच्या मार्फत यावा. ज्या सरकारविरुद्ध दाद मागावयाची त्याच्याच मार्फत मागावयाची! दिवाणसाहेब परतले. वऱ्हाड मिळाले नाही. १८८३ च्या फेब्रुवारीत पटकीने त्यांचा अंत झाला, आणि १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर वऱ्हाड कायमचे इंग्रजांकडे घेतले. त्या सफरीतून हैदराबादच्या हाती चिरकाल राहिले ते एवढेच, एक संगमरवरी मुलगी, नव्या घरी जाताना लाजलेली.

ह्या खरेदीच्या सालामुळे एक घोटाळा रूढ झाला आहे. १८७६ हेच मूर्ती घडवल्याचे वर्ष म्हणून पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. तसे असणे शक्य नाही. कारण बेंझोनी २८ एप्रिल १८७३ रोजी रोममध्ये मरण पावला. रेबेकेची पहिली आवृत्ती १८६४ च्या सुमाराची. तिच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. अमेरिकेत अटलांटा येथील हाय संग्रहालयात एक आहे, पिट्सफील्डच्या बर्कशायर संग्रहालयात दुसरी आहे. हैदराबादची रेबेका जगातील एकमेव आहे, अशी समजूत बाळगणाऱ्यांना हे ऐकून वाईट वाटते. वाईट वाटण्याचे कारण नाही. एका मूळ मातीच्या नमुन्यापासून निघालेल्या ह्या सर्व सख्ख्या बहिणी आहेत. पण ह्याच बहुलतेने बेंझोनीचे नाव मागे पडले. विसाव्या शतकात कलासमीक्षकांची दृष्टी बदलली. शिल्पकाराने दगडाला स्वतः भिडावे, दगडाने दगडच दिसावे, कापडाचे सोंग घेऊ नये, असा पंथ प्रबळ झाला. पन्नास मजुरांकडून आवृत्त्या काढणारा कारखानदार त्या कसोटीस कसा उतरणार? ग्रंथांनी त्याला चार ओळींत आटोपले. प्रेक्षकांनी मात्र ह्या निकालाकडे कधीच लक्ष दिले नाही.

समीक्षकांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. रेबेकेपुढे उभे राहिल्यावर प्रथम मनात येते ते ‘हे केले कसे?’ आणि बराच वेळ तेच मनात राहते. कसबाने भावावर कुरघोडी केली आहे, हे मान्य करावे लागते. पण थोडे थांबले, बाजूला सरून पाहिले, तर झुकलेल्या मानेतील संकोच दिसू लागतो, आणि मग वस्त्र विसरले जाते. जो केवळ चमत्कार पाहून पुढे जातो त्याला बेंझोनी अर्धाच भेटतो.

त्याच सुमाराची एक मराठी तुलना येथे आठवते. रेबेका हैदराबादेस आल्यावर वीस वर्षांनी, १८९६ मध्ये, जे. जे. कलाशाळेतील विशीच्या एका विद्यार्थ्याने, गणपतराव म्हात्रे ह्यांनी, ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. हाती पूजासाहित्य घेतलेली, नऊवारी नेसलेली मराठी तरुणी देवळाकडे निघाली आहे. शिक्षण युरोपीय, माध्यम प्लास्टर. परंतु लुगड्याच्या निऱ्या, पाठीवरून आलेला पदर आणि चालीची लय पूर्णपणे येथली. जॉर्ज बर्डवुड ह्यांच्यासारखा, भारतीय शिल्पाबद्दल पूर्वी अनुदार बोललेला इंग्रजही तिच्यावर लुब्ध झाला; रवींद्रनाथ ठाकुरांनी तिच्यावर लिहिले. रोममधील शिल्पशाळांनी जगभर पसरवलेली वस्त्रलेखनाची विद्या अशी मुंबईत येऊन निऱ्यांत मुरली. बडोद्यास सयाजीरावांच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात आउगुस्तो फेलीची ह्या इटालियन शिल्पकाराने संगमरवर, ब्राँझ आणि भाजलेली माती ह्या तिन्हींत कामे केली, तीही ह्याच काळात. आणि १९२० नंतर निजामाच्या सरकारने अजिंठ्याची झिजलेली चित्रे वाचवण्यासाठी बोलावले तेही दोघे इटालियनच, चेकोनी आणि ओर्सिनी. त्यांनी निखळणारे गिलावे घट्ट केले. मात्र चित्रांवर दिलेला रोगणाचा हात काळाने पिवळा पडला आणि नंतरच्या पिढ्यांना तो सोडवीत बसावे लागले. परक्या हातांचे सर्वच उपकार निर्दोष असतात असे नाही.

रेबेका सालारजंगांच्या दिवाण देवडीत राहिली. पहिल्या सालारजंगांचे नातू मीर युसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, हे १८८९ साली पुण्यात जन्मले आणि जन्मानंतर थोड्याच दिवसांत पितृछत्राला मुकले. १९१२ मध्ये ते निजामाचे दिवाण झाले, दोनच वर्षांनी पद सोडले, आणि उरलेले आयुष्य व बहुतेक संपत्ती त्यांनी वस्तू जमवण्यात घालवली. ते अविवाहित होते. २ मार्च १९४९ रोजी ते गेले, तेव्हा वाड्यात माणसांपेक्षा मूर्ती, घड्याळे, चिनीमाती आणि हस्तलिखिते अधिक होती. वारसांच्या दाव्यांत हा संग्रह फुटून लिलावात गेला असता तर रेबेका आज आणखी एखाद्या परदेशी दालनात उभी असती. तसे झाले नाही. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीतच संग्रहालय उघडले. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून त्यास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले.

१९६८ साली मुसीकाठच्या नव्या इमारतीत सारा संग्रह हलवण्यात आला. रिबका पुन्हा एकदा नव्या घरी निघाली; ह्या वेळचा प्रवास काही फर्लांगांचाच होता.